नंबर कधी लागणार?

सिंदफणा नदीवरच्या माजलगाव धरणाचं पाणी फिरलं, रानात ऊस उभा राहिला, तेलगावला साखर कारखाना आला. आणि शिवारात एक प्रश्न कायमचा बसला: ऊसतोडीचा नंबर कधी लागणार?

उत्तर कागदावर सोपं आहे. आडसाली लागवड जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, शिवाय खोडवा. आधी हे गट पाडायचे, मग प्रत्येक गटात लागवडीच्या तारखेनं ओळ लावायची. संगणकाच्या पहिल्या वर्षाला सॉर्टिंग आणि क्यू म्हणून शिकवतात ते हेच. साखर कारखान्यांचे कारकून ते वहीत करायचे, पुढं संगणक करू लागला. पण क्रम लावणं ही अडचण कधी नव्हतीच. पाऊस झाला की काळ्या रानात ट्रॅक्टर रुततो, मुकादमाची तोडणी टोळी अर्धीच येते, तोडलेला ऊस दिवसभरात गव्हाणीत पडला नाही तर साखरेचा उतारा घसरतो. यादी मोडते.

सॉफ्टवेअरवाल्यांचा इतिहास याच खड्ड्यातून गेला. 1970 साली विन्स्टन रॉइस यांनी कामाचे टप्पे एकाखाली एक काढून दाखवले आणि त्याच लेखात, असं सरळ उतरत जाणं धोक्याचं आहे, हेही बजावलं. लोकांनी चित्र तेवढं उचललं. ‘वॉटरफॉल’ हे नाव मागाहून चिकटलं. 2001 मध्ये अमेरिकेत स्नोबर्डला 17 जण जमले आणि थोडं करा, दाखवा, बदला, अशी ‘अजाइल’ची मांडणी झाली. आपल्याकडचा स्लिपबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा कारखान्याचा माणूस, रोज सकाळी तेच करत आलाय. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की अजाइलमध्ये बदललेला क्रम सगळ्यांसमोर फळ्यावर लागतो. इथं तो चिठ्ठीवर उतरतो, आणि तोड लवकर मिळावी म्हणून द्याव्या लागणाऱ्या पैशांना ‘खुशाली’ हा शब्द राज्यभर का रुळला हे ऊसवाल्याला सांगायला नको.

2021-22 च्या हंगामात तर पद्धतीचा प्रश्नच उरला नाही. राज्यात गाळप जूनपर्यंत लांबलं, मराठवाड्यात ऊस फडातच उभा राहिला, गेवराई तालुक्यात एका शेतकऱ्यानं जीव दिला. गाळपक्षमतेपेक्षा ऊस जास्त असला की रांग कशीही लावा, शेपूट उन्हातच राहतं.

2022 मध्येच साखर आयुक्तालयानं ऊसनोंदणीचं मोबाइल ॲप आणलं. लागवडीची तारीख आता शेतकरी स्वतः भरू शकतो. तोडीची चिठ्ठी मात्र अजून कारखान्याचा शेतकी विभागच काढतो.