कुलूप नसलेली डायरी

मुलांनो, तुमच्यापैकी किती जण रोजनिशी लिहितात? आणि ती ठेवता कुठे? दप्तराच्या तळाशी, नाहीतर गादीखाली, ताईच्या हाती लागणार नाही अशा जागी! पण १९९४ च्या जानेवारीत जस्टिन हॉल नावाच्या एका अमेरिकन मुलानं उलटंच केलं. तेव्हा तो कॉलेजात होता, वय १९. त्यानं इंटरनेटवर स्वतःचं पान काढलं आणि आपल्या आयुष्यातल्या गोष्टी तिथे लिहू लागला. कुणीही या, वाचा! अशा लिखाणाला १९९७ मध्ये 'वेबलॉग' हे नाव मिळालं, दोन वर्षांत त्याचं 'ब्लॉग' झालं.

यात एवढं विशेष काय? आपल्या आटपाडीचंच बघा. लेखक शंकरराव खरात इथलेच, जन्म १९२१ चा. वडील गावचे तराळ. तराळानं गावकीची कामं करायची, दवंडी द्यायची, दुसऱ्यांचे निरोप पोचवायचे. त्यांच्या मुलानं स्वतःची गोष्ट 'तराळ अंतराळ' या आत्मचरित्रात सांगितली. ते पुस्तक आलं १९८१ मध्ये, म्हणजे शंकरराव साठीला टेकल्यावर! पुस्तकाला प्रकाशक लागतो, कागद लागतो, पैसा लागतो. ज्यांना प्रकाशक भेटलाच नाही, अशा किती तराळांच्या गोष्टी राहून गेल्या असतील? ब्लॉग लिहिणाऱ्याला प्रकाशकाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

मराठी माणसापुढे मात्र अक्षरांचीच अडचण होती. १९९६ च्या गणेशचतुर्थीला अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू केलं. परदेशातली मराठी मंडळी तिथे लिहू लागली. पण त्या काळी नेटवर मराठी लिहायचं तर बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांत. देवनागरी फाँट होते, पण प्रत्येकाची तऱ्हा न्यारी. वाचणाऱ्याकडे तोच फाँट नसला, की 'आई'च्या जागी चिन्हांची नुसती खिचडी!

यावर उपाय निघाला युनिकोडचा. प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला नंबर, साऱ्या जगात तोच. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, पण घरोघरच्या संगणकांत ती रुळायला पुढची दहाएक वर्षं गेली. क चा नंबर २३२५, ख चा २३२६, ग चा २३२७. आपल्या मुळाक्षरांच्याच क्रमानं, बरं का! तुम्ही 'आटपाडी' लिहिता, तेव्हा संगणक साठवतो: २३१०, २३३५, २३४६, २३६६, २३३७, २३६८. यातला २३६६ म्हणजे काना आणि २३६८ म्हणजे दुसरी वेलांटी.

आता मोबाईलवरही मराठी लिहिता येतं. 'आलतो', 'गेलतो' लिहिलं की एखादं यंत्र खाली लाल रेघ मारतं. मारू द्या. त्याला माणदेशी शिकवलेली नाही, एवढंच. आपल्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी 'माणदेशी माणसं' १९४९ मध्येच छापून आणली होती. (परीक्षेच्या पेपरात मात्र माझी लाल रेघ येईल!)

पालकांनो, थोडं तुमच्यासाठी. जस्टिन हॉलनं २००५ मध्ये हे रोजचं उघडं लिहिणं थांबवलं. स्वतःबद्दल लिहिताना जवळच्या माणसांबद्दलही लिहिलं जाई, आणि ते त्यांना नेहमी रुचत नसे. तेव्हा मूल असं लिहायला बसलं, तर शेजारी बसा. पत्ता, फोन नंबर, शाळेचं नाव नको. मैत्रिणीचं गुपित तर नकोच नको.

मुलांनो, आता हा शब्द ओळखा: २३५०, २३४४. क पासून बोटं मोजत चला. 'न'च्या पुढचा एक नंबर तेवढा सोडा, तो आपल्या मुळाक्षरांत नसलेल्या एका अक्षराला दिलेला आहे.