स्पीडस्टर मोटार आणि तिचें जुनें छायाचित्र

अंगरखा बदलला म्हणून मनुष्य बदलत नाहीं, हें आपण सर्व जाणतों. परंतु मोटारीच्या बाबतींत ही साधी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. अमेरिकेंतील जुन्या कुटुंबांच्या चित्रसंग्रहांत कधीं कधीं दोनच आसनांची, छप्पर नसलेली, लांब नाकाची एखादी मोटार दिसते. सुकाणूच्या चाकावर हात ठेवून एक तरुण ऐटींत बसलेला असतो, आणि चित्राच्या पाठीवर मागाहून कोणीतरी एखाद्या नामांकित मोटारीचें नांव लिहिलेलें असतें. तें नांव खरें मानावें काय, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

अशा मोटारीस 'स्पीडस्टर' म्हणतात. वजन घटवावें म्हणजे वेग वाढतो, हें तिचें सूत्र. कांहीं कारखाने अशा मोटारी स्वतःच बांधीत. ट्रेंटन येथील मर्सर कंपनीची 'रेसअबाउट' व इंडियानापोलिस येथील स्टट्झ कंपनीची 'बेअरकॅट' या त्यांत विशेष गाजल्या; पण त्या श्रीमंतांच्या मोटारी होत्या. इकडे फोर्ड कंपनीनें १९०८ ते १९२७ या काळांत 'मॉडेल टी' जातीच्या दीड कोटी मोटारी बांधल्या, व जुनी फोर्ड स्वस्तांत मिळूं लागली. मग हौशी तरुण तिची मूळची बॉडी उतरवीत व खालच्या सांगाड्यावर दुसरी हलकी बॉडी चढवीत. लुइव्हिलची मर्क्युरी, ओवेन्सबरोची एम्स इत्यादि कंपन्या अशा तयार बॉड्या विकीत असत; ज्यांना तेवढाहि खर्च झेपत नसे, ते लांकूड व पत्रा आणून घरींच बॉडी बनवीत.

आतां चित्र हातीं घेऊं. पहिला नियम असा कीं, जें सहज बदलतां येतें त्यावर विश्वास कमी ठेवावा, आणि जें बदलणें कठीण त्यावर अधिक. दिवे, बॉनेट, मडगार्ड, रंग, किंबहुना रेडिएटरचें कवचहि बदलतां येई. म्हणून दृष्टि खालीं न्यावी. त्या काळच्या बहुतेक मोटारींत पोलादी पट्ट्यांच्या कमानी सांगाड्याच्या दोन्ही बाजूंस लांबीच्या दिशेनें बसविलेल्या असत. मॉडेल टीमध्यें मात्र पुढच्या आंसावर एक व मागच्या आंसावर एक, अशा आडव्या कमानी असत. समोरून घेतलेल्या चित्रांत रेडिएटरखालीं आडवी कमान दिसली, तर वरची बॉडी कितीहि थाटाची असो, फोर्डचा संशय घ्यावा.

दुसरी परीक्षा मोजपट्टीची. मॉडेल टीच्या पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर १०० इंच, आणि टायरसह चाकाचा व्यास सुमारें ३० इंच. म्हणजे अंतर व्यासाच्या सव्वातीन पटींहून किंचित् अधिक. अगदीं बाजूनें घेतलेल्या चित्रांत हें प्रमाण चारपट भरलें, तर ती मूळच्या चाकांवरील मॉडेल टी नव्हे. चित्र तिरपें असल्यास मात्र ही परीक्षा फसवी ठरते.

तिसरी गोष्ट काळाची. मॉडेल टीचा उघडा पितळी रेडिएटर १९१६ पर्यंत होता; १९१७ च्या नमुन्यापासून काळें कवच आलें. तेव्हां काळें कवच असलेल्या मोटारीचें चित्र १९१० चें असूं शकत नाहीं. परंतु पितळी रेडिएटर दिसला म्हणून चित्र तितकेंच जुनें, असेंहि म्हणतां येत नाहीं. कारण जुनी मोटार दहा वर्षांनींहि रस्त्यावर असे. मोटार पाहून चित्राची आधीची मर्यादा कळते, नंतरची नव्हे.

छायाचित्रहि कधीं कधीं फसवितें. त्या काळच्या बहुतेक कांचांना तांबडा रंग दिसत नसे. म्हणून तांबडी मोटार चित्रांत काळी उमटे, आणि निळी फिकट. कांहीं कॅमेऱ्यांत पडद्याची फट सरकत जाऊन चाकाचे खालचे व वरचे भाग निरनिराळ्या क्षणीं टिपले जात. तेवढ्यांत मोटार पुढें सरकल्यामुळें चाकें लंबवर्तुळाकार व कललेलीं दिसत. तो कारागिराचा प्रताप नव्हे.

शेवटीं बॉडीकडे वळावें. मागच्या शेंपटीचा आकार, बाजूची कापणी, बॉनेटवरील फटींची संख्या, हीं सर्व जुन्या जाहिरातींतील चित्रांशीं ताडून पाहावीं. एक खूण जुळली म्हणून नांव देऊं नये. आणि कांहींच जुळलें नाहीं, तर 'मॉडेल टी, बॉडीचा कर्ता अज्ञात' असें सरळ लिहावें.

एवढी चिकित्सा कशासाठीं, असें कोणी विचारील. ज्या मुलानें रात्री जागून, बोटें सोलून, जुन्या फोर्डची स्पीडस्टर केली, तिला आपण मर्सर म्हटलें, तर त्याचा गौरव होत नाहीं. उलट त्याचे श्रम पुसून आपण त्याला एका महाग वस्तूचा नुसता गिऱ्हाईक ठरवितों. खोट्या मोठेपणानें खरा मोठेपणा झांकला जातो.

आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या घरचीं जुनीं चित्रेंहि याच दृष्टीनें पाहावीं. वडील मंडळी सांगावयास आहेत तोंच प्रत्येकाच्या मागें, कडेला, मऊ पेन्सिलीनें हलक्या हातानें स्थळ, वर्ष व माणसांचीं नांवें लिहावीं, आणि ती माहिती कोणी सांगितली तेंहि नमूद करावें. जें ठाऊक नाहीं, तेथें जागा मोकळी ठेवावी. मोकळी जागा पुढें कोणी भरूं शकतो. चुकीचें नांव मात्र पिढ्यान्‌पिढ्या खरें म्हणून चालत राहतें.