घर भाड्याचे की मालकीचे? कर वजा जाता उरणाऱ्या खर्चाचा हिशेब

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण रूढ झाली, त्या काळी घर बांधण्यातील दगदगच प्रामुख्याने लोकांच्या डोळ्यांपुढे असावी. आज नोकरदार माणसाचे घर गवंड्याच्या ओळंब्यावर जितके उभे राहते, तितकेच ते बँकेच्या कर्जखात्यावरही उभे राहते. शिक्षक असो, ग्रामसेवक असो वा शासकीय अधिकारी असो, आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक निर्णय तो घराच्या बाबतीतच घेतो. या निर्णयापायी भविष्य निर्वाह निधीतील शिल्लक रिकामी होते, दागिने गहाण पडतात आणि पुढील वीस वर्षांच्या पगाराचा मोठा हिस्सा आधीच बांधला जातो.

असा निर्णय घेताना दोन विधाने हमखास ऐकावयास मिळतात. एक, भाडे म्हणजे वाया गेलेला पैसा. दुसरे, कर्ज काढून घर घेतले की प्राप्तिकर वाचतो. ही दोन्ही विधाने अर्धसत्य आहेत. ती कागदावर मांडून तपासली असता काय दिसते, हे समजावून सांगणे हा या लेखाचा उद्देश आहे.

तुलना कशाची कशाशी करावी?

बहुतेक जण मासिक भाड्याची तुलना कर्जाच्या मासिक हप्त्याशी करतात. ही तुलना सदोष आहे. हप्त्यात व्याज आणि मुद्दल असे दोन भाग असतात. मुद्दलाची फेड हा खर्च नव्हे. ती रक्कम घराच्या रूपाने आपल्याच पदरी राहते. व्याज मात्र भाड्याप्रमाणेच कायमचे जाते. घराचे भाडे घरमालकाला द्यावयाचे, तर पैशाचे भाडे बँकेला, इतकाच काय तो फरक.

मालकीच्या घराचे आणखी तीन खर्च सहसा विचारात घेतले जात नाहीत. पहिला, आपण स्वतः घातलेल्या पैशावरील बुडालेले व्याज. हीच रक्कम ठेवीत असती तर तिला उत्पन्न मिळाले असते. दुसरा, घरपट्टी, गृहनिर्माण संस्थेची वर्गणी व दुरुस्ती. तिसरा, खरेदीच्या दिवशीच भरावे लागणारे मुद्रांक शुल्क व नोंदणी फी. महाराष्ट्रात शहरी भागात मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभारासह सर्वसाधारणपणे सहा टक्के आणि काही मोठ्या शहरांत सात टक्के पडते. निवासी घर महिलेच्या नावे घेतल्यास त्यात एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, परंतु जास्तीत जास्त ३०,००० रुपये इतकी आहे. बांधकाम चालू असलेली सदनिका घेतल्यास वस्तू व सेवा कर वेगळा भरावा लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो नाही.

एक उदाहरण

जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या एका अधिकाऱ्याचे उदाहरण घेऊ. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून वर्षाला १३,२०,००० रुपये आणि घरभाडे भत्ता १,८०,००० रुपये, असे त्याचे एकूण वेतन १५,००,००० रुपये आहे, असे धरू. तो ज्या घरात राहतो त्याचे भाडे महिना १४,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,६८,००० रुपये आहे. तसेच तयार घर त्याला ४५ लाखांना मिळते. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी मिळून तीन लाख रुपये होतात. त्याच्याजवळ १८ लाख रुपये साठलेले आहेत आणि उरलेले ३० लाख तो साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ घेतो.

या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. पहिल्या वर्षी भरलेल्या सुमारे ३,१२,४०० रुपयांपैकी २,५२,७०० रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दलातून अवघे ५९,७०० रुपये फिटतात. दहा वर्षे नियमितपणे हप्ते भरल्यानंतरही कर्जाची बाकी सुमारे २१ लाख रुपये राहते. म्हणजे या काळात ३१ लाखांहून अधिक रक्कम बँकेत जमा होऊन मुद्दल केवळ नऊ लाखांनी कमी झालेले असते.

कर खरोखर किती वाचतो?

प्राप्तिकराच्या आज दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत वजावटी अधिक आणि दरही अधिक आहेत. नव्या पद्धतीत दर कमी असून बहुतेक वजावटी नाहीत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी पद्धत हीच मूळ पद्धत मानली जाते. जुनी हवी असल्यास तसा पर्याय कळवावा लागतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यासाठी १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरविण्यात आली आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदललेले असल्यामुळे येथे क्रमांक न देता तरतुदीच सांगितल्या आहेत. पुढील आकडे २०२५-२६ च्या दरांनुसार आहेत.

प्रथम जुनी पद्धत पाहू. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंत उत्पन्नातून वजावट मिळते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ही वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याचे चार टक्के उपकरासह रुपयामागे सुमारे ३१ पैसे वाचतात. उरलेले ६९ पैसे त्याच्याच खिशातून जातात. दोन लाखांच्या वजावटीने त्याचा कर ६२,४०० रुपयांनी कमी होतो. मुद्दलाच्या फेडीसाठी असलेली दीड लाखाची वजावट भविष्य निर्वाह निधी, विमा इत्यादींसह एकत्रित आहे. बहुतेक शासकीय कर्मचाऱ्यांची ही मर्यादा निधीच्या वर्गणीनेच भरत आलेली असते. अशा वेळी मुद्दलाचा वेगळा लाभ फारसा उरत नाही.

भाडेकरूसही जुन्या पद्धतीत सवलत आहे. मात्र संपूर्ण घरभाडे भत्ता करमुक्त असतो, ही समजूत चुकीची आहे. प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, वेतनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त दिलेले भाडे आणि वेतनाच्या ४० टक्के (मुंबईसारख्या ठरावीक महानगरांत ५० टक्के), या तिन्हींपैकी सर्वांत लहान रक्कम करमुक्त होते. आपल्या उदाहरणात भाडे १,६८,००० रुपये आणि वेतनाचे दहा टक्के १,३२,००० रुपये. म्हणून केवळ ३६,००० रुपये करमुक्त ठरतात आणि त्यावर ११,२३२ रुपये कर वाचतो.

आता दोन्ही पद्धती शेजारी मांडू. ठेवीचे व्याज तूर्त बाजूला ठेवू. या अधिकाऱ्याने घर घेतले आणि जुनी पद्धत निवडली, तर ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट, व्यवसाय कराचे २,५०० रुपये, दीड लाखाची बचत व दोन लाखांचे व्याज वजा जाऊन करपात्र उत्पन्न १०,९७,५०० रुपये होते आणि त्यावर १,४७,४२० रुपये कर बसतो. नव्या पद्धतीत केवळ ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळूनही कर ९७,५०० रुपयेच होतो. म्हणजे गृहकर्जाची सवलत मिळविण्यासाठी तो जुन्या पद्धतीत राहिला, तर वर्षाला सुमारे ५०,००० रुपये जास्त कर भरील!

याचा अर्थ स्पष्ट आहे. त्याने नवी पद्धत घेणेच हिताचे आणि त्या पद्धतीत स्वतःच्या राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही. ज्यांचे वेतन वर्षाला १२,७५,००० रुपयांपर्यंत आहे व अन्य उत्पन्न नाही, त्यांना नव्या पद्धतीत करच लागत नाही. बहुसंख्य शिक्षक याच गटात मोडतील. जो कर भरावाच लागत नाही, तो वाचविण्यासाठी घर घेण्याचे कारण राहत नाही. भाडे मोठे असेल, पतिपत्नी दोघांच्या नावे कर्ज असेल किंवा इतर वजावटी भरपूर असतील, तर जुनी पद्धत क्वचित सरस ठरू शकते. म्हणून प्रत्येकाने दोन्ही आकडे मांडून पाहावेत. ज्यांना व्यवसायाचे उत्पन्न नाही, असे वेतनधारक दरवर्षी पद्धत बदलू शकतात.

अंतिम तुलना

नव्या पद्धतीप्रमाणे पहिल्या वर्षाचा हिशेब असा होतो:

भाड्याचे घर: भाडे १,६८,००० रुपये.

मालकीचे घर: कर्जावरील व्याज २,५२,७०० रुपये, स्वतःच्या १८ लाखांवर सात टक्क्यांनी बुडालेले व्याज, कर वजा जाता, सुमारे १,०६,३०० रुपये, घरपट्टी, वर्गणी व दुरुस्ती अंदाजे ४०,००० रुपये, एकूण ३,९९,००० रुपये.

फरक २,३१,००० रुपये. मालकाला हा फरक भरून काढणारी एकच गोष्ट आहे. ती म्हणजे घराच्या किमतीत होणारी वाढ. ४५ लाखांच्या घरावर हे प्रमाण वर्षाला सुमारे ५.१ टक्के पडते. त्यात मुद्रांक शुल्क व नोंदणीचे तीन लाख मिळवावयाचे. दहा वर्षे राहिल्यास ते वर्षाला ३०,००० रुपये पडतात आणि आवश्यक वाढ ५.८ टक्के होते. तीन वर्षांतच घर विकावे लागले, तर ते वर्षाला एक लाख पडतात आणि ७.४ टक्के वाढ झाली तरच खर्च भरून निघतो. ज्याची बदली दर तीन-चार वर्षांनी होते, त्याने हा आकडा विशेषकरून लक्षात ठेवावा.

हा हिशेब पहिल्या वर्षाचा आहे, हेही सांगितले पाहिजे. भाडे वाढत जाते. वर्षाला पाच टक्के वाढ धरल्यास १४,००० रुपयांचे भाडे दहा वर्षांनी २२,८०० रुपयांच्या घरात जाते. हप्ता मात्र, व्याजदर स्थिर राहिल्यास, तेवढाच राहतो. काळ जाईल तसे पारडे मालकाच्या बाजूला झुकू लागते. शिवाय निवृत्तीनंतर भाडे देण्याची चिंता नसणे आणि मुलांची शाळा मध्येच न सुटणे, या गोष्टींचे मोल पैशात करता येत नाही.

भाडेकरूने एक गोष्ट विसरता कामा नये. हप्ता व देखभाल यांच्या मानाने त्याचे महिन्याला सुमारे १५,४०० रुपये वाचतात आणि १८ लाखांची ठेवही हाती राहते. ही रक्कम त्याने खरोखर शिल्लक टाकली, तरच वरील तुलना त्याच्या बाजूने उभी राहते. ती खर्च होऊन गेली, तर वीस वर्षांनी त्याच्याकडे ना घर ना गाठोडे. कर्जाचा हप्ता ही एक प्रकारची सक्तीची बचत आहे, हा मालकीचा मोठा व्यावहारिक लाभ होय.

ध्यानात ठेवण्यासारख्या बाबी

भाड्याने राहताना लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. जुन्या पद्धतीने भत्त्याची सूट घेताना भाडे वर्षाला एक लाखापेक्षा जास्त असेल, तर घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो.

बदलीमुळे स्वतःचे घर भाड्याने दिल्यास ते भाडे करपात्र होते. मात्र भरलेली घरपट्टी, उरलेल्या रकमेच्या ३० टक्के आणि कर्जावरील व्याज त्यातून वजा होते. ही सोय नव्या पद्धतीतही आहे. परंतु त्यात येणारा तोटा वेतनातून वजा करता येत नाही.

घर दोन वर्षांहून अधिक काळ बाळगून विकल्यास दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या बाबतीत महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन २० टक्के दराने हिशेब करण्याचा पर्याय निवासी करदात्यास ठेवलेला आहे. नफ्याची रक्कम विहित मुदतीत दुसऱ्या राहत्या घरात गुंतविल्यास सूट मिळते.

वरील उदाहरणातील भाडे, किंमत व व्याजदर प्रत्येक गावी वेगळे असतील. म्हणून येथील उत्तर जसेच्या तसे न उचलता रीत उचलावी. दरवर्षीचे व्याज, बुडालेले व्याज व देखभाल यांची बेरीज करावी. त्यातून खरोखर वाचणारा कर आणि द्यावे लागले असते ते भाडे वजा करावे. उरलेल्या रकमेला घराच्या किमतीने भागावे. येणाऱ्या टक्केवारीइतकी वाढ आपल्या गावात होईल काय आणि आपण तेथे दहा वर्षे राहणार आहोत काय, या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर घर अवश्य घ्यावे. ती नसतील, तर भाड्याने राहण्यात कमीपणा मानू नये. घर राहण्यासाठी घ्यावयाचे असते. केवळ कर वाचविण्यासाठी घेतलेले घर महाग पडण्याचाच संभव अधिक.