ऐपतीप्रमाणे फी: हिशोब कसा मांडायचा?

कार्यशाळेची फी सगळ्यांना सारखी ठेवली की ती न्याय्य वाटते. पण घरभाडं आणि कर्जाचे हप्ते भरून महिनाअखेर गाठणाऱ्याला बाराशे रुपये जड जातात. स्वतःचं घर आणि शिल्लक असणाऱ्याला जात नाहीत. म्हणून काही ठिकाणी एकाच वर्गाच्या तीन फी ठेवतात आणि कोणती परवडते ते येणाऱ्यानेच ठरवायचं असतं.

सुरुवात खर्चापासून करावी. जागा, साहित्य, चहा आणि शिकवणाऱ्याचं पूर्ण मानधन. हे मानधन कापून सवलत देणं मला अन्यायाचं वाटतं. समजा, वीस जणांसाठी खर्च २४,००० रुपये आला. माणशी खरा खर्च १,२००. मग ६००, १,२०० आणि १,८०० असे टप्पे करावेत. पाच जणांनी कमी, दहा जणांनी मधली आणि पाच जणांनी जास्त फी भरली, तर बरोबर २४,००० जमतात. कमी फीच्या जागा आधीच ठरवल्या, तर तूट येण्याची भीती कमी होते.

उत्पन्नाचा दाखला मात्र मागू नये. गरिबी सिद्ध करायला लावणं अपमानाचं असतं. त्याऐवजी अर्जावरच लिहावं: अंगावर कर्ज असेल, घरातले अनेक जण तुमच्यावर अवलंबून असतील, तर पहिला टप्पा तुमचाच. कोणी किती भरले, हे वर्गात कुणालाही कळता कामा नये.

इगतपुरीच्या धम्मगिरीत तर विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला फीच नाही. जेवणाखाण्यासह सगळा खर्च आधी शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानातून चालतो.