पाणी सुटलं की निघायचं!

शेलूत राहणाऱ्या माणसाला वेळ विचारू नका, लोकल विचारा. गेली तीन वर्षं माझं आयुष्य वांगणी आणि नेरळच्या मधल्या या छोट्याशा स्टेशनावरून सुटतं. बजेटमध्ये बसणारा वन बीएचके इथेच मिळाला, म्हणून रोजचे चार तास ट्रेनमध्ये. त्यामुळे एक तरी रविवार घड्याळाशिवाय जावा, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

आयडिया आली थेट बर्मिंगहॅमहून. ऑनसाइट गेलेल्या मैत्रिणीने फोटो पाठवले. जेमतेम सात फूट रुंद, लांबलचक नॅरोबोट आणि ती चक्क पायऱ्या उतरतेय! म्हणजे कसं, तर कालव्यात पुढे-मागे दरवाजे असलेला एक हौद. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पुढच्या झडपा लोखंडी हँडल फिरवून उघडायच्या. पाणी उतरतं, तशी बोटही उतरते. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की दरवाजा उघडा आणि चला पुढे. याला म्हणतात लॉक. बर्मिंगहॅमच्या मधोमध अशी १३ लॉक्स ओळीने आहेत. वेगमर्यादा ताशी चार मैल! 'अख्खा दिवस गेला आणि आम्ही कुठेच पोहोचलो नाही,' तिने लिहिलं होतं. खचाखच भरलेल्या डब्यात एका पायावर उभी राहून मी हे वाचलं. जळून खाक!

आता आपल्याकडे कुठलं आलंय लॉक? पण दार उघडल्यावर चालू होणारी नदी आपल्या रायगडातच आहे. कोलाडची कुंडलिका. ठरलं, राफ्टिंग!

पहाटे पाचला आम्ही चौघं मित्राच्या गाडीतून निघालो. कर्जत, खोपोली, पाली करत वाकणला मुंबई-गोवा हायवे पकडला. आठच्या आत काठावर हजर. पोहे हाणले, लाइफ जॅकेट चढवलं, हेल्मेटचा बंद आवळला, फोटोही काढून झाले. आणि समोर नदी? गोटेच गोटे आणि मधून वाहणारी एक बारीक धार.

"दादा, यात राफ्टिंग?"

"पाणी सुटू दे, ताई. सुटलं की निघायचं."

म्हणजे इथेही इंडिकेटरकडे बघत बसायचं! वाट बघता बघता गाइडने पाण्याचा रूट सांगितला. हे पाणी मुळात घाटावरचं. मुळा नदीचं. त्याने भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. पण मुळशीला धरण बांधून ते उलटं, कोकणाकडे वळवलं. सुमारे ५०० मीटर खाली कोसळून ते भिऱ्याच्या वीजघरातली चाकं फिरवतं. टाटांचं हे वीजघर १९२७ साली सुरू झालं, ते मुंबईसाठी. जलविद्युत काही मिनिटांत चालू करता येते, म्हणून शहराची मागणी वाढली की ती खास उपयोगी पडते. वीज देऊन झाली की पाणी रवाळजेकडून कुंडलिकेत, आणि मग आपला राफ्ट.

थोडक्यात काय, घड्याळापासून पळून मी शहराच्या शिफ्टवर चालणाऱ्या नदीकाठी येऊन बसले होते. माझ्या ऑफिसचा एसी आणि ही नदी एकाच टाइमटेबलवर!

मग आधी आवाज आला. वाऱ्यासारखा. बघता बघता एकेक गोटा पाण्याखाली गेला आणि मघाची धार चांगली दांडगी नदी झाली. "फॉरवर्ड! फॉरवर्ड!" गाइड ओरडतोय, आम्ही जिवाच्या आकांताने वल्हं मारतोय, राफ्टचं नाक आभाळात आणि पुढच्या क्षणी थंडगार पाणी थेट तोंडावर. तिसऱ्या की चौथ्या रॅपिडला मी बाहेर! दोन सेकंद काहीच कळलं नाही. मग जॅकेटचा पट्टा धरून कुणीतरी मला पोत्यासारखं आत ओढलं. सॉल्लिड!

बारा-तेरा किलोमीटरच्या या प्रवासात शांत पट्टेही लागतात. अशाच एका पट्ट्यात मी गाइडला म्हटलं, "मस्त लाइफ आहे तुमचं." तो हसला. म्हणाला, "आमच्या आजीच्या आईचं माहेर मुळशीकडचं. धरणात गेलं."

पुढे कुणी काही बोललं नाही. शाळेत एका ओळीत उरकलेला मुळशी सत्याग्रह आठवला. १९२१ साली जमिनी वाचवायला मावळातले शेतकरी उभे राहिले, पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी झाले आणि तेव्हापासून 'सेनापती' म्हणवले गेले. तरीही धरण झालंच. ज्या पाण्यावर मी खिदळत होते, त्याच्या तळाशी कुणाची तरी भातखाचरं होती. म्हणून मजा कमी झाली का? खरं सांगू, नाही. पण त्यानंतर वल्हं मारताना पाणी नुसतं पाणी राहिलं नाही.

संध्याकाळी शेलूला परतले, तर उल्हास नदीवर ऊन कलत होतं. आणि ट्यूब पेटली. हीसुद्धा त्याच नात्यातली! घाटावरच्या आंध्रा नदीचं ठोकरवाडी धरणातलं पाणी भिवपुरीच्या वीजघरात उतरतं, १९२२ पासून. पुढे ते कर्जतच्या राजनाला कालव्यातून उन्हाळी भाताला मिळतं आणि उल्हासमधून माझ्या घराजवळून वाहत खाली जातं. तीन वर्षं मी हिच्या शेजारी राहतेय आणि ओळखसुद्धा नाही!

रात्री बर्मिंगहॅमहून मेसेज आला, 'काय मग, कुठे पोहोचलीस?'

मी लिहिलं, 'घराच्या मागे.'

कसं जाल? पनवेलहून मुंबई-गोवा हायवेने कोलाड. कर्जतकरांना खोपोली-पाली-वाकण रस्ता सोयीचा. पाणी सोडण्याची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि वेळेच्या आधी पोहोचा. सुके कपडे आणि चपलेला मागे पट्टा हवाच!