फोनचे ठिगळ वेळेवर लावा



जळोचीच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव सुरू व्हायला अवकाश होता. गोण्यांना टेकून बसलेल्या एका आबांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. “साहेब, हा रोज सकाळी अपडेट करा म्हणून मागं लागतोय. मी आपला ‘नंतर’ दाबतो.” किती दिवस झाले, असे विचारले. आबा हसून म्हणाले, “दिवाळीपासनं.”

त्याच फोनवर आबा बाजारभाव पाहतात. उसाचे बिल बँकेत जमा झाल्याचा निरोप त्यावरच येतो. खताच्या दुकानदाराला पैसेही त्यातूनच जातात. गोठ्याची कडी दोनदा तपासून झोपणारा हा माणूस तिजोरीची कडी मात्र दिवाळीपासून उघडी ठेवून होता. म्हणून या ‘नंतर’विषयी चार शब्द.

फोनमध्ये आपल्याला दिसतात ती अ‍ॅप्स. त्या सर्वांच्या खाली एक मुख्य कारभारी काम करीत असतो. त्याला इंग्रजीत कर्नल म्हणतात. आपण गाभा म्हणू. कोणत्या अ‍ॅपने कॅमेरा वापरावा, कोणी कोणती फाईल उघडावी, एकाची माहिती दुसऱ्याला दिसू नये, हे सारे तो पाहतो. घरातल्या सर्व खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असतात. आपल्याकडील बहुतेक फोन अँड्रॉइडचे आहेत, आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्स हा आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहायला घेतला. पुढे जगभरच्या हजारो जाणकारांनी त्यात भर घातली.

इतक्या हातांनी लिहिलेल्या लाखो ओळींत चुका राहतातच. कालव्याच्या भरावात खेकड्याचे बीळ असावे, तशा त्या वरून दिसत नाहीत. २०१६ च्या ऑक्टोबरात असेच एक बीळ उघड झाले. त्याचे नाव ‘डर्टी काऊ’, म्हणजे मळकी गाय! गाईचा त्याच्याशी संबंध नाही. ‘कॉपी ऑन राइट’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले.

दोष काय होता, ते तलाठ्याच्या दप्तरावरून समजेल. मूळ सातबारा आपल्याला वाचता येतो. त्यावर काही लिहायचे तर आपण नक्कल घेतो आणि नकलेवर लिहितो. मूळ कागद तसाच राहतो. गाभाही हाच नियम पाळतो. पण दोन कामे एकाच क्षणी अंगावर घातली, तर त्या घाईत गाभ्याची गफलत होई आणि लेखणी नकलेऐवजी मूळ कागदावर पडे. म्हणजे साध्या अ‍ॅपला मूळ दप्तर बदलून स्वतःच मालक होता येई. हा दोष २००७ पासून गाभ्यात होता. नऊ वर्षांनी तो दुरुस्त झाला.

दुरुस्ती निघाली, पण ती सर्व फोनांत पोहोचली नाही. २०१७ च्या सप्टेंबरात ट्रेंड मायक्रो या कंपनीने जाहीर केले की, याच बिळातून शिरणारी चोरटी अ‍ॅप्स चाळीसहून अधिक देशांत सापडली आहेत आणि बाधित लोकांत चीन व भारतातील लोक सर्वाधिक आहेत. औषध निघून वर्ष होत आले होते, तरी रोग चालूच होता.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातले. विंडोज संगणकांत एका यंत्रातून दुसऱ्या यंत्राशी फाईल वाटून घेण्याची सोय असते. तिचा गाभ्यात चालणारा भाग सदोष निघाला. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी त्यावर दुरुस्ती दिली. ज्यांनी ती लावली नव्हती, त्यांना १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने गाठले. तरीही अनेकजण ‘नंतर’च म्हणत राहिले. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्याने न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक बंद पाडले आणि कंटेनरची कामे खोळंबली. दुरुस्ती निघून त्या दिवशी १०५ दिवस झाले होते. ते टर्मिनल चालविणाऱ्या मर्स्क कंपनीला जगभरात मिळून सुमारे ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले आणि २५ ते ३० कोटी डॉलरचा फटका बसला.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नॉटपेट्या एका यंत्रात शिरला की तिथले पासवर्ड चोरून शेजारच्या दुरुस्त यंत्रातही जाई. लाळ-खुरकुताची लस एका जनावराला चुकली, तर धोका साऱ्या गोठ्याला असतो. तसेच हे.

दुरुस्ती जाहीर झाली की धोका वाढतो, कारण ती चोरही वाचतो. कोणते बीळ बुजवले, ते पाहून भोक कुठे होते हे त्याला कळते. मग तो ‘नंतर’ म्हणणाऱ्यांची दारे शोधत फिरतो. इंग्रजीत या दुरुस्तीला पॅच, म्हणजे ठिगळ म्हणतात. फाटले कुठे हे गावभर झाल्यावर ठिगळ लावायला उशीर करू नये.

काय करावे?

१. फोनच्या सेटिंगमध्ये ‘सॉफ्टवेअर अपडेट’ किंवा ‘सिस्टम’ येथे पाहावे. सुरक्षा अपडेटची तारीख तिथे किंवा ‘फोनविषयी’ या भागात दिसते. ती फार जुनी असल्यास अपडेट आले आहे का, ते तपासावे.

२. रात्री जेवणानंतर, फोन चार्जिंगला लावून अपडेट करावे. फोन आपोआप बंद होऊन चालू होईल. मध्येच बटणे दाबू नयेत. महत्त्वाचे फोटो व नंबर आधी दुसरीकडे उतरवून ठेवावेत.

३. अपडेट फक्त सेटिंगमधूनच घ्यावे. नॉटपेट्या मुळात युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच भेसळ करून सोडला गेला होता. बोगस बियाणे मूळ कंपनीच्या पिशवीतही येते. मग रस्त्यावर कोणी दिले तर काय सांगावे? व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’च्या नावाने येणारी एपीके फाईल कधीही उघडू नये.

४. कंपनी काही वर्षांनी जुन्या फोनला ठिगळे देणे थांबवते. असा फोन बोलण्यासाठी आणि गाण्यांसाठी ठेवावा. पैशांचे व्यवहार दुसऱ्या फोनवर करावेत. विंडोज १० च्या नियमित मोफत दुरुस्त्याही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आहेत. सोसायटीत, दूध संकलन केंद्रात असे संगणक असतील, तर सभासदांनी हा विषय बैठकीत काढावा.

त्या दिवशी लिलाव आटोपल्यावर आबांच्या फोनचे अपडेट सुरू केले. पट्टी हातात येऊन हिशेब होईपर्यंत फोन चालू झाला होता. “एवढंच होतं व्हय!” आबा म्हणाले. एवढेच असते. आज रात्री घरातले सगळे फोन एकदा पाहून घ्या. घरातल्या शाळकरी मुलीला हाताशी घेतलेत, तर काम आणखी लवकर होईल.