प्रश्न कुणी विचारायचे?

आरोग्याची पाहणी म्हटली की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर येतं. खांद्याला पिशवी, हातात छापील फॉर्म आणि दारात उभी असलेली पाहणीवाली बाई. मुलं किती? ऑपरेशन झालंय का? तांबी बसवलीय का? घरातली सून हो-नाही म्हणते, फॉर्म भरतो, बाई पुढच्या घरी जाते. यातून येणारे आकडे खोटे असतात असं मी म्हणणार नाही. पण सासू उंबऱ्याशी बसलेली असताना ‘अंगावरून पांढरं जातं’ असं कोणती सून सांगेल?

हे मौन किती खोल आहे, ते डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या अभ्यासाने १९८९ मध्ये जगापुढे आणलं. गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत त्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं मोजण्यात गुंतलेल्या यंत्रणेने हा प्रश्न विचारलाच नव्हता. पुढे १९९४ मध्ये कैरोला लोकसंख्येविषयीची जागतिक परिषद झाली आणि प्रजनन आरोग्य हा स्त्रीचा हक्क आहे, हे देशोदेशींच्या सरकारांनी मान्य केलं. मान्य केलं खरं, पण प्रश्न कुणी आणि कसे विचारायचे हे राहिलंच.

लोकसहभागी संशोधन हे नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. सेवा ज्यांच्यासाठी आहे, त्यांनीच प्रश्न ठरवायचे, माहिती जमवायची आणि तिचा अर्थही त्यांनीच लावायचा. आपल्या सांगलीत याचं एक ठळक उदाहरण आहे.

१९९०च्या सुमारास एचआयव्हीची साथ पसरू लागली, तेव्हा वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांकडे रोगाचं उगमस्थान म्हणून बघितलं जाई. १९९२ मध्ये संग्राम, म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्था, सांगलीत या स्त्रियांमध्ये काम करू लागली. मीना सरस्वती शेषू या तिच्या संस्थापक. त्याच वर्षी कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांचंही काम सुरू झालं. निरोध वाटायचे, एवढंच वरवर दिसत होतं. पण वाटणार कोण? बाहेरचा माणूस दुपारी येतो, पाकिटं देतो, सही घेतो. गिऱ्हाईक कधी येतं, दारू प्यालेल्याला कसं समजवायचं, घरवालीशी काय बोलायचं, हे त्याला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं त्या गल्लीतल्या बाईला. शिवाय एकीने निरोधाशिवाय नकार दिला आणि गिऱ्हाईक शेजारच्या खोलीत गेलं, तर पहिलीची चूल पेटत नाही. म्हणजे नकार द्यायचा तर सगळ्यांनी मिळून द्यायला हवा. आरोग्याचा प्रश्न असा संघटनेपर्यंत पोचतो. १९९६ मध्ये या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली : वेश्या अन्याय मुक्ती परिषद. नावातला पहिला शब्द त्यांनी झाकला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्यांचं ज्ञान फक्त वाटपापुरतं राहिलं नाही. २०१८ मध्ये संग्रामने पोलिसी छाप्यांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. छाप्यांत उचलल्या गेलेल्या २४३ स्त्रियांना त्यात बोलतं केलं होतं. त्यांतल्या १९३ जणींनी सांगितलं, की छापा पडला तेव्हा त्या स्वतःच्या मर्जीने व्यवसायात होत्या. उरलेल्या पन्नास जणींचं म्हणणंही तितकंच गंभीर आहे, ते बाजूला सारता येणार नाही. पण एक गोष्ट आरोग्यवाल्यांनी ध्यानात घ्यावी. छाप्याने वस्ती पांगली की निरोधाचा पुरवठा तुटतो, चालू गोळ्या तुटतात. आणि निरोध जवळ सापडणं हाच पुरावा ठरत असेल, तर तो कोण जवळ ठेवील? १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निरोधासारखी आरोग्यरक्षणाची साधनं गुन्ह्याचा पुरावा मानू नयेत, असं बजावलं. गल्लीतल्या बाईला हे आधीपासून कळत होतं.

आता साताऱ्याकडे येते. कराड तालुक्यातल्या एका गावात आम्ही आरोग्य कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण घेत होतो. देवळामागच्या अंगणात बायकांनी रांगोळीने गावाचा नकाशा काढला. दवाखाना, एसटीचा थांबा, पाणवठा, सगळं आलं. मग दवाखान्यात का जात नाही, याची कारणं वेगवेगळ्या चित्रांनी मांडली आणि प्रत्येकीला मूठभर चिंचोके दिले. मोठ्या कारणावर जास्त चिंचोके ठेवायचे. अंतर, पैसे, पुरुष डॉक्टर असे ढीग झाले, पण सर्वांत मोठा ढीग पडला टेबलावर. नर्सबाईंचं टेबल व्हरांड्यात होतं आणि समोरच्या बाकड्यावर अर्धं गाव बसलेलं! दुखणं सांगायचं म्हणजे गावाला सांगायचं. उपाय काय, तर टेबल आत न्यायचं, दाराला पडदा लावायचा आणि आठवड्यातली एक दुपार फक्त बायकांसाठी ठेवायची. तिन्ही गोष्टी झाल्या. पुढे नर्सबाईंची बदली झाली. पडदा राहिला, दुपार गेली. ती परत मिळवायला बायकांना ग्रामसभेत दोनदा उठावं लागलं.

अंगणातल्या त्या वर्तुळात नसतात त्यांचं काय? सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात हंगामात बीडकडून तोडणी कामगार येतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात झालेल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींनी पिशवी काढल्याचं आढळलं. आकडा हादरवणारा आहे आणि तो मोजला गेला हे चांगलंच झालं. पण पिशवी का काढली, याचं उत्तर फॉर्मवरच्या एका चौकोनात मावत नाही. त्यात मुकादमाची उचल आहे, पाळीत पोट दुखलं म्हणून फडावर न गेल्यास पडणारा खाडा आहे, कोपीला न्हाणी नाही हे आहे, आणि ‘काढून टाक, कटकट मिटेल’ म्हणणारा खाजगी डॉक्टरही आहे. यातलं कुठलं कारण आधी आणि कुठलं नंतर, ते चिंचोके त्यांच्याच हातात दिले तर कळेल.

अडचण एवढीच, की पहाटे अंधारात टोळी फडावर जाते आणि परतल्यावर बाईला चूल पेटवायची असते. कारखाना एखाद्या दिवशी बंद पडला, तर कोपीवर ती दिवसा भेटते.